काळ्याची बरणी

चित्रं आम्हाला कधी कळली नाहीत.
आम्हाला कळायची उधारी.

रूआँ शहरात, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत,
चांभारांच्या कुंडांचा वास जिथे संपतो
तिथे आमचं रंगांचं दुकान.
चार पिढ्यांची एकच चोपडी,
पानं सरली की नवी शिवायची.
आणि एक पाटा, मधोमध खोलगट,
पावलांनी उंबरा होतो तसा.

पणजीच्या अक्षरात सगळं गुलाबी आहे.
किरमिजी किडे वाळवून, वाटून, पुन्हा वाटून
ती सरदारणींच्या गालांसाठी रंग काढायची,
बागेतल्या दुपारींसाठी, उघड्या टाचांसाठी.
हात कोपरापर्यंत लाल.
मग एका हिवाळ्यात चौकात गर्दी जमू लागली
आणि लोक त्या हातांकडे बघून बाजूला सरले.
त्यानंतर सात पानं गुलाबी कुणी मागितलाच नाही.
मागितला करडा. संगमरवराचा,
न रडणाऱ्या आयांचा करडा.
पणजी म्हणायची, रस्त्यात माणसं पडायला लागली
की चित्रातली ताठ उभी राहतात.

आजोबा वादळं विकायचे.
पोरं यायची, केस वाढलेली, खिसे फाटके,
म्हणायची, बुडणारं गलबत काढतोय, अंधार द्या.
आजोबा डांबर द्यायचे.
ओलं असताना मखमल. पण ते वाळतच नाही,
आणि वीस वर्षांनी चित्र
मगरीच्या पाठीसारखं तडकतं.
आजोबांना हे ठाऊक होतं.
"वीस वर्षांनी पैसे परत मागायला कोण येतंय?"
एक आला होता.
पण तोवर आजोबाच नव्हते.

बाबांच्या वेळी माती.
गेरू, शेणकट तपकिरी, बटाट्याच्या सालीचा रंग.
कुणी एक दाढीवाला त्यांना म्हणाला,
उद्या बसा माझ्यासमोर, तोवर हात धुऊ नका.
बाबा दोन दिवस जेवतानाही हात धुवेनात.
चित्रात शेवटी आले ते बाबांचे बूट.

मी गल्ल्यावर बसले तेव्हा कथलाच्या नळ्या आल्या होत्या.
पाटा भिंतीला टेकला.
रंग पिळायचा, झाकण फिरवायचं,
छत्री घेऊन नदीकाठी पळायचं.
बाबा कुरकुरायचे: न मळता भाजलेला पाव आहे हा.
आणि काळा खपेना.
निळा न्यायचे, जांभळा न्यायचे, लिंबासारखा पिवळा,
काळ्याची बरणी वरच्या फळीवर.
मी धूळ पुसायची, परत ठेवायची.

बाबा गेले मार्चमध्ये, पहाटे.
मी बरणी उतरवली,
दाराच्या फळ्या काळ्या करायला घेतल्या.
त्या वर्षी खपलेला तेवढाच काळा,
आणि गिऱ्हाईक मीच.

तेवढ्यात गास्पार लेरूझ आला,
एकेचाळीस फ्रँकांचा देणेकरी.
टोपी काढली, आत गेला, बाबांपाशी बसला
आणि न विचारता पेटी उघडली.
मी ओरडले, लाज आहे का काही?
तो म्हणाला, ओदील, चादरीची ती सावली बघ.
काळी आहे?

मी बघितलं नाही. उधारी मागितली.
त्याचा हात थांबेना, उजेड सरकत होता,
उजेडाचंही जणू त्याला देणं होतं.
मग मेणबत्ती विझवायला मी वाकले
आणि दिसलं.
हनुवटीखाली जांभळं. कानशिलाशी हिरवट.
आणि खिडकीकडच्या गालावर, देवाशपथ,
पणजीचा गुलाबी.

चोपडीत त्या तारखेला लिहिलंय:
लेरूझ, येणे, फ्रँक ४१.
त्याखाली, माझ्याच अक्षरात पण घाईघाईत:
जांभळी नळी, एक. फुकट.

दाराची डावी फळी काळी आहे.
उजवीला अजून हात लावलेला नाही.